मॅडम जेवल्याशिवाय कशा जातील?

मॅडम येईपर्यंत बागेतल्या भाजीला कोणी हात लावायचा नाही, असा फतवा विमलबाईंनीच काढला होता. आणि मॅडम यायच्या दिवशी पहाटे पदराखाली वांगी लपवून चोरपावलांनी बागेतून बाहेर पडल्या त्याही विमलबाईच.

त्यांचाही नाइलाज होता. गावच्या पडीक जागेवर सगळ्या आळ्यांतल्या बायकांनी मिळून भाजीपाला पिकवला होता. पाहणीला येणाऱ्या मॅडमना बाग नीट दिसली तर जागा बायकांकडे राहणार, नाहीतर तिथं महादेवरावांचा ट्रॅक्टर उभा राहणार. महादेवराव कधीचे टपून बसले होते. पण बुलढाण्याहून आलेलं माणूस उपाशी परत गेलं, तर विमलबाईंच्या घराण्याचं नाकच कापलं गेलं असतं. चार वांग्यांनी बागेचं काय बिघडतंय, असा त्यांनी विचार केला.

सकाळी जीप आली. कृषी खात्याच्या छाया मॅडम फाटकातून आत शिरल्या आणि विमलबाई जागच्या जागी थबकल्या. वाफे भुंडे झाले होते. आंबाडी गायब, पालक गायब, भेंडीवर नुसती पानं.

"पाहा मॅडम, हे या बायायची बाग!" मागोमाग आलेल्या महादेवरावांना हसू आवरेना.

"काय लावलं होतं इथं?" मॅडमनी विचारलं.

"ते... मॅडम, पहिले जेवून घ्या," विमलबाई म्हणाल्या. "माह्या घरी सैपाक तयार हाये."

"वा व! सैपाक त मी बी केला," बौद्धवाड्यातल्या सिंधूताई पुढं सरसावल्या. "आंबाडीची भाजी अन् भाकर."

"माह्या घरी दाल-पालक हाये," मशिदीमागं राहणाऱ्या नसीमबी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

विमलबाईंच्या डोक्यात आता कुठं उजेड पडला. "आंबाडी कवा तोडली व सिंधू?"

"तू वांगे तोडून राह्यली होती, तवा मी आंबाडीतच बसून होती."

"अन् मी दोघीले बी पाहून राह्यली होती," नसीमबी म्हणाल्या. "पण बोलू कशी? माह्या बी हातात पालक होता."

बाकीच्या बायका आपापल्या चपला न्याहाळू लागल्या.

"चोट्ट्या हायेत साऱ्या!" महादेवराव कडाडले. "लिहा मॅडम, बाग नाही म्हणून."

मॅडमनी पेन काढलं. विमलबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात महादेवरावांच्या सौभाग्यवती वंदनाबाई झाकलेलं भगुनं घेऊन धापा टाकत आल्या.

"मॅडम, पहिले आमच्याकडचं खा. कोहळ्याची भाजी केली हाये."

महादेवराव चक्रावले. "आपल्या वावरात कोहळं कुठून आलं व?"

"वावरातलं कायले? इथलंच हाये. मीच लावलं होतं. इतके दिवस काय खाऊन राह्यले तुम्ही?"

मॅडमनी झाकण उचलून वास घेतला आणि बाग उत्तम चालू असल्याचं उभ्या-उभ्याच लिहून टाकलं.

महादेवराव हळूच फाटकाकडे सरकले, तशा विमलबाई आडव्या आल्या.

"चाल्ले कुठं भाऊजी? बसा पंगतीले, पोटभर खा. जागा आपलीच हाये."