संत्र्याचं झाड आणि माझी मिशी

कापलेल्या वस्तूची मला कधी काळजी वाटत नाही. इतवारीतल्या शाळेत मी सृष्टिज्ञान शिकवतो ना! पालीची शेपटी तुटली, परत येते. मेंदी छाटा, दुप्पट फुटते. बोट कापलं तर आठ दिवसांत नवी कातडी. हे सगळं मी चौथीच्या पोरांकडून इतक्यांदा घोकून घेतलं, की शेवटी माझाच त्यावर नको तितका विश्वास बसला!

आमच्या अंगणात एक संत्र्याचं झाड होतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे रुखमाबाईंनी, काटोलच्या बागेतल्या आपल्या लाडक्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढून स्वतःच्या हातांनी हे कलम बांधलं आणि लग्नानंतर लेकीबरोबर पाठवून दिलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून आमची ही, अरुंधती, त्याला झाड म्हणतच नसे. "आईले पाणी घातलं का?" असं विचारी.

एका उन्हाळ्यात झाडाचे शेंडे वाळायला लागले. ही भावाच्या लग्नाला माहेरी गेलेली. म्हटलं, येईपर्यंत झाड ठणठणीत करून ठेवू! पाणी घालणारा कवडू म्हणाला, "मास्तर, वाळल्या फांद्या तेवढ्या काढा जी."

"अर्धवट कामं मी करत नसतो, कवडू!"

आणि करवत घेऊन जमिनीपासून चार बोटांवर अख्खा बुंधा उतरवला. अंगण कसं साफ दिसायला लागलं!

आठवड्याने ही आली, सोबत सासरे मनोहरराव. टांग्यातून उतरली ती हातात बोचकं धरून तशीच अंगणात उभी राहिली. "माझी आई कुठं आहे?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी मोठ्याने बोलायला लागलो. लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"मामाजी, बुंधा कापला, मूळ कुठं कापलं? तीन वर्षांत हेच झाड संत्री देते की नाही पाहा! नाही दिली तर ही मिशी उतरवीन!"

मनोहररावांची सगळी हयात संत्र्याच्या बागेत गेलेली. त्यांनी वाकून तो चार बोटांचा खुंट न्याहाळला. मग म्हणाले, "बरं."

आणि झाड आलं की हो! श्रावणात फुटवे, वर्षात कमरेएवढं, दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्यावर! कवडू म्हणायचा, "मास्तर, काटे लय आले याले."

"तरुणपणी काटे असायचेच!" मी सांगायचो. शाळेच्या पोरांनाही आणून दाखवलं. हीसुद्धा हळूहळू परत "आईले पाणी घातलं का" विचारायला लागली. इथे मला खरं तर भीती वाटायला हवी होती.

तिसऱ्या दिवाळीला फळं धरली. मी मुद्दाम सासऱ्यांना बोलावलं, आमचे हेडमास्तर मधुकरराव यांनाही बोलावलं. साल जरा जाड निघाली. पहिली फोड मधुकररावांनी तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला.

"वसंतराव," ते कसेबसे म्हणाले, "हे लिंबू आहे हो!"

"जंबेरी आहे, रानटी लिंबू," मनोहरराव शांतपणे म्हणाले. "जवाईबापू, संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. खाली जंबेरी, वर संत्रं. जोड असते जमिनीपासून वीतभर. तुमी कापलं चार बोटांवर. रुखमाचं होतं तेवढं सारं गेलं, जंबेरी उरली. तीच वाढली."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुमी सृष्टिज्ञान सांगून राहिले होते. मधात कसं बोलावं?"

अरुंधतीने हातातली फोड खाली ठेवली. रडली नाही, चिडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मिशी."

मग मनोहररावांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी काढली. "तिनं ज्या झाडाचा डोळा काढला होता, ते झाड बागेत उभंच आहे अजून. ये वं अरुंधती, पट्टी धर." जंबेरीच्या एका फुटव्यावर बापलेकीने मिळून नवा डोळा बांधला. तेव्हा मात्र ती तीन वर्षांचं एकदम रडली. मी लांब उभा होतो. मला जवळ येऊच देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच मिशी उतरवली. आरशात पाहिलं, तरी लक्षात आलं नाही. रस्त्यावर पाऊल टाकलं तेव्हा आलं. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय माणूस मिशी काढत नाही!

किराणावाल्याने उठून हात जोडले. टांगेवाल्याने टांगा थांबवला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या प्रयागबाई पिठलं-भाकर घेऊन आल्या.

"अहो, बाबा जिवंत आहेत माझे!"

"असंच वाटते बाप्पा सुरुवातीले," म्हणून त्या पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मी जेवायला बसलो. पिठलं चांगलं होतं.

खरा घोटाळा केला रुपरावने. हा आमच्या गावचा, मौद्याचा, इतवारीत धान्य घेऊन येतो. त्याने मला लांबून पाहिलं, काही न विचारता तसाच गावी परत गेला आणि माझ्या आईचं सांत्वन करायला थेट आमच्या तिथल्या घरी. दार वाजवलं. दार उघडलं बाबांनी!

दुसऱ्या दिवशी बाबा सर्व्हिस मोटारीने दारात हजर. कमरेवर हात. "काहून गा वसंता, मले कवा जाळलं?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी झाड पाहिलं, माझं तोंड पाहिलं, सुनेला म्हणाले, "पोरी, मेलोच आहो त आता तेरवी जेवूनच जातो."

तेरवी झाली, तरी गेले नाहीत. रोज सकाळी खाट टाकून झाडापाशी बसायचे. करवत अरुंधतीने आपल्या ट्रंकेत कुलुपात ठेवली.

महिन्याने एका सकाळी ही अंगणातून ओरडली, "अहो, आई आली! आई आली!" बांधलेल्या डोळ्यातून दोन पानं फुटली होती, नखाएवढी. मला इतका आनंद झाला की हात आपोआपच पुढे गेला.

"हात लावला त तोडून टाकीन!" खाटेवरून बाबा गरजले.

मी हात मागे घेतला. माझी मिशी आता पुरती परत आली आहे. पालीची शेपटीही येते. हाताचं मात्र चौथीच्या पुस्तकात काही दिलेलं नाही.