हलकी जोड

खांबेट्यांनी माझं तोंड कित्येक वर्षं पाहिलंच नव्हतं. माझी पाठ मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पाहिली. हायडेलबर्गला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. हाउप्टस्ट्रासेवरून युनिव्हर्सिटीकडे चाललो होतो, तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "अहो, डावा पाय ओढताय. लहानपणी झाडावरून पडला होता काय?"

परदेशात आपली भाषा कानावर पडली की माणसाचं मन भरून येतं म्हणतात. माझं डोकं फिरलं. चिंचेच्या झाडावरून मी पडलो होतो हे खरं होतं, पण ते माझ्या आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मागे वळून पाहिलं तर एक उंच, किडकिडीत, कानटोपी घातलेले गृहस्थ माझ्या गुडघ्यांकडे टक लावून उभे होते.

"मी मराठी आहे हे कशावरून ओळखलंत?" मी विचारलं.

"छत्री काखेत मारून जर्मन माणूस चालत नाही," ते गुडघ्यांकडे बघतच म्हणाले. "मी खांबेटे. आल्झो, चला, कॉफी घेऊ. तुम्ही पुढं चला, मी मागून येतो." 'आल्झो' म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', ते त्यांच्या जिभेवर बसलं होतं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. खांबेटे तिथे आधीपासूनच होते. बेडकाच्या मांडीचा स्नायू आखडतो कसा, यावर त्यांची डॉक्टरेट चालली होती. ती चालली होती एवढंच. पोचायचं तिचं लक्षण नव्हतं. त्यांच्या घरमालकीण फ्राउ हेप्नर त्यांना 'हेर डोक्टर' म्हणत आणि खांबेटे ते दुरुस्त करत नसत. प्राध्यापक महाशय रस्त्यात दिसले की मात्र ते गल्ली बदलत.

माणसाचा चेहरा खांबेट्यांना मान्यच नव्हता. "चेहरा खोटं बोलतो हो. तो शिकवलेला असतो. आल्झो, कंबर बघा!" हे त्यांचं पालुपद. पाव विकणारी बाई, ट्रामचा कंडक्टर, गाउन घातलेले कुलगुरू, सगळ्यांची परीक्षा कमरेवरून आणि चालीवरून. फ्राउ हेप्नरच्या होणाऱ्या जावयाला त्यांनी जिना चढताना पाहिलं आणि "टाचा दाराकडं वळतात, हा टिकायचा नाही" असं बाईंना तोंडावर सांगितलं. जावई टिकला. एवढंच नाही, तो खांबेट्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आला आणि रोज संध्याकाळी अकॉर्डियन वाजवू लागला.

ही विद्या त्यांनी बेडकांकडून घेतलेली नव्हती. ते सांगलीकडचे. त्यांचे वडील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांच्या जोड्या लावायचे. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात पोरं लंगोट लावून गोल फिरतात आणि जोड लावणारा पंच त्यांच्याकडे नुसतं बघून ठरवतो, कोण कुणाशी लढणार. जोड बरोबरीची हवी. एखाद्यात काही उणं दिसलं तर पंच भर मैदानात ओरडून सांगतो, "ह्याचा खांदा कच्चा आहे, हलकी जोड द्या!" यात कुणाला अपमान वाटत नाही. पोरगं आपल्या बेताच्या गड्याशी लढतं, नारळ घेऊन घरी जातं आणि पुढच्या वर्षी खांदा भरून परत येतं. दोष सांगायचा तो पोराला सांभाळण्यासाठी. खांबेटे वडिलांच्या शेजारी उभे राहून हे शिकले होते, आणि माझ्या मते आयुष्यात दुसरं काहीच नीट शिकले नव्हते.

आता या माणसाचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध काय? हायडेलबर्गमध्ये तेव्हा अमेरिकन सैन्याची मोठी छावणी होती. शनिवारी दुपारी तिथे त्यांचा फुटबॉल चाले. या खेळात पायाचा चेंडूशी संबंध फार थोडा. डोक्याला शिरस्त्राणं बांधलेले धिप्पाड लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ढीग होतो, शिट्टी वाजते, ढीग मोडतो, मग परत तेच. एकदा आम्ही बघायला गेलो, तर मला त्यातलं अक्षर कळलं नाही. खांबेटे मात्र कुंपणाच्या तारेला नाक लावून उभे राहिले आणि थोड्या वेळानं आत उभ्या असलेल्या एका माणसाला इंग्रजीत ओरडून म्हणाले, "तो तिसरा माणूस काढा! त्याची कंबर बसली आहे!" आतल्या माणसानं दुर्लक्ष केलं. पाचएक मिनिटांत तिसरा माणूस कमरेला हात लावून आडवा झाला.

आतल्या माणसाचं नाव डॉयल. तो छावणीतल्या खेळांची व्यवस्था बघायचा. त्याचा दुसरा उद्योग आम्हांला मागाहून कळला. अमेरिकेत कॉलेजातल्या फुटबॉलपटूंना धंदेवाईक क्लब दरवर्षी आपापसांत वाटून घेतात. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. सगळे क्लब एकत्र बसतात, पाळीपाळीनं एकेक नाव पुकारतात, ज्यानं पुकारलं त्याचा तो मुलगा. मुलाला कुणी विचारत नाही. त्याआधी क्लबांची माणसं गावोगाव पोरं बघत हिंडतात. "आल्झो, आपल्याकडं मुलगी बघायला जातात तसंच," खांबेटे म्हणायचे, "फक्त इथं पोहे मिळत नाहीत." छावणीत कॉलेज अर्धवट सोडून आलेले बरेच शिपाई होते. बरोबरीची पोरं पदवीधर होण्याचं वर्ष आलं की यांचंही नाव पुकारता येई. डॉयल त्यांच्यावर नजर ठेवून तिकडच्या एका क्लबाला कळवायचा.

डॉयलनं खांबेट्यांना कुंपणाच्या आत घेतलं. त्याच्या हातात स्टॉपवॉच असे, खांबेट्यांच्या हातात काही नसे. ते खेळाडूंच्या मागून चालत. शिपायांना हा कानटोपीवाला हिंदी माणूस आधी वेडा वाटला, मग ते त्यांना 'डॉक' म्हणू लागले. तिथेही त्यांनी दुरुस्ती केली नाही. बेडूक मागे पडले. प्राध्यापकांचे निरोपावर निरोप येत आणि खांबेटे मला म्हणत, "हो, हो, पुढच्या आठवड्यात जातो. शनिवारचं आधी बघू दे."

लिरॉय त्यांना तिथे भेटला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या गावातला काळा पोरगा, तिथल्या फक्त काळ्या मुलांसाठी असलेल्या कॉलेजात दोन वर्षं खेळलेला. त्या कॉलेजाकडे क्लबांची माणसं फिरकतच नसत. चेंडू काखेत घेऊन तो पळायला लागला की मला, ज्याला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यालासुद्धा उभं राहावंसं वाटे. खांबेटे तर त्याच्या मागून चालायचंही विसरले. घरी परतताना पुलावर ते एकदम थांबले आणि मला म्हणाले, "पेंडसे, वडील हवे होते हो बघायला."

मग लिरॉय रविवारी खांबेट्यांच्या खोलीवर जेवायला येऊ लागला. खांबेटे जर्मन राय धान्याच्या पिठाची थालीपिठं लावत. ती काळीकुट्ट होत आणि चावताना दाढ दुखे. लिरॉय छावणीतून शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी आणी आणि ते थालीपिठावर चोपडून खाई. "डॉक, यंदा माझं वर्ष आहे," तो म्हणायचा. "माझं नाव नाही पुकारलं तर परत गेल्यावर लाकडाची वखार. माझा बाप तिथंच आहे, भाऊ तिथंच आहे." खांबेटे त्याला आणखी एक थालीपीठ वाढत आणि त्यानं खोलीभर चालून दाखवावं म्हणून मागे लागत. खोली केवढी, तर खाटेपासून खिडकीपर्यंत. तो बिचारा हसत हसत फेऱ्या मारी आणि वरचा अकॉर्डियन त्याला साथ करी. खांबेट्यांना इतकं सुखी मी परत पाहिलं नाही.

ड्राफ्ट जवळ आला तशी डॉयलनं आम्हांला मैदानाशेजारच्या त्याच्या ऑफिसात बोलावलं. क्लबाला शेवटचं कळवायचं होतं. एकेका खेळाडूचं नाव निघे, खांबेटे दोन वाक्यांत निकाल लावत. मग डॉयल म्हणाला, "आणि लिरॉय?"

खांबेटे खुर्चीतून उठले. अशी कंबर आपण फक्त एकदा पाहिली होती, कृष्णाकाठच्या एका जत्रेत, इथपासून त्यांनी सुरुवात केली. पाऊल कसं पडतं, वळताना खांदा कसा आधी जातो, हे त्यांनी स्वतः चालून, वळून दाखवलं. त्यांचा तो उभा वाळका देह लिरॉयसारखा वळताना बघून मला हसू आवरेना. डॉयलही हसत होता. शेवटी खांबेटे थांबले आणि छाती भरून, भर मैदानात सांगावं तसं म्हणाले, "डावा गुडघा मात्र कच्चा आहे. त्याला पहिलं वर्षभर हलकी जोड द्या."

डॉयलचं हसणं थांबलं. "डावा गुडघा? नक्की?"

"गेनाऊ! अगदी नक्की!" खांबेटे म्हणाले. आपलं म्हणणं इतक्या गंभीरपणे घेतलं गेलं याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! परतीच्या वाटेवर त्यांनी मला स्वखर्चानं केक खिलवला, यावरून काय ते समजा.

लिरॉयचं नाव कुणीच पुकारलं नाही.

बातमी कळली तसे खांबेटे तडक डॉयलकडे गेले, मी त्यांच्यामागोमाग. काहीतरी चूक झाली आहे, पुन्हा विचारा, असं ते सांगू लागले. डॉयल शांतपणे सँडविच खात होता. "चूक कसली? गुडघा गेलेला आहे असं तुम्हीच सांगितलंत. मी कळवलं. आणखी दोन क्लबांनी माझ्याकडे चौकशी केली, त्यांनाही तेच सांगितलं."

"गेलेला नाही, कच्चा! मी म्हटलं होतं, हलकी जोड द्या!"

"डॉक," डॉयल तोंड पुसत म्हणाला, "आमच्या खेळात हलकी जोड नसते."

तो हे उर्मटपणे बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो अगदी समजावून बोलला. निवडायला माणसं पडली आहेत, त्यातलं उणं कुठे आहे ते कळलं की तेवढं बाजूला ठेवायचं, काम संपलं. त्याच्यासाठी दोष सांगायचा तो पोराला बाजूला काढण्यासाठी. आणि आमचे खांबेटे वर्षभर त्याच्या मागेपुढे वडिलांची विद्या मिरवत फिरले. मला डॉयलचा संताप आलाच, पण खांबेट्यांचा त्याहून आला. माणसाच्या नुसत्या चालीवरून चिंचेचं झाड ओळखणाऱ्याला आपण कुणाच्या मैदानात उभे आहोत एवढं कळू नये?

पुढच्या रविवारी लिरॉय निरोप घ्यायला आला. बरणी घेऊन आला होता. "छोट्या कॉलेजाचं हे असंच व्हायचं, डॉक," तो म्हणाला. "त्यांनी मला बघितलंच नाही. तुम्ही एकट्यानं बघितलंत." मी मनात म्हटलं, खांबेटे, आता गप्प बसा. पोराची तशी समजूत आहे तर राहू द्या. पण गप्प बसणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, डॉयल, जत्रा, हलकी जोड, सगळं.

लिरॉयनं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "दुखतो तो. सैन्यात येताना लपवला, इथं लपवला, माझ्या आईपासून लपवला. कुणाला दिसला नाही." त्यानं ताट हळूच बाजूला सारलं. "तुम्हांला दिसला तर दिसला, डॉक. बोललात कशाला?"

लिरॉयनं टोपी उचलली, माझ्याशी हात मिळवला, त्यांच्याशीही मिळवला आणि जिना उतरून गेला. खिडकीतून तो रस्त्यानं जाताना दिसत होता. खांबेटे खिडकीकडे पाठ करून बसले होते. खाणं तसंच पडून राहिलं.

त्यानंतर ते मैदानाकडे गेले नाहीत. 'कंबर बघा' बंद झालं. ते माझ्या मागून चालत ते आता शेजारून चालू लागले, आणि चालताना खाली मान घालून आपल्याच बुटांकडे बघत. बेडकांकडे परत गेले, पण प्राध्यापकांनी तोवर ते काम दुसऱ्याला दिलं होतं. मी त्यांना भारतात परत जा म्हणून सुचवलं. "तिकडं जाऊन काय सांगू?" एवढंच म्हणाले.

माझं युनिव्हर्सिटीतलं काम संपलं आणि मी परत निघालो त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझा घोटा मोडला. जर्मन डॉक्टरनं तो जोडला, पण सरळ नाही जोडला. मी चांगलाच लंगडू लागलो. लहान मुलंसुद्धा वळून बघत. स्टेशनवर पोचवायला खांबेटे एकटेच आले होते. फलाटावर सामान ठेवल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी चेष्टेनं म्हटलं, "अहो खांबेटे, पहिल्या दिवशी मला फुकट सल्ला दिला होतात. आता शेवटचं सांगा की. चाल कशी आहे माझी?" आणि त्यांच्यासमोर चार पावलं चालून दाखवली. धड एकही पाऊल सरळ पडलं नाही.

खांबेट्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे पिंगट आहेत हे मला तेव्हा कळलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "काही दोष नाही. कुठंही जा."

मी त्यांचा हात धरला. मग गाडीची वेळ झाली आणि त्यांनीच मला काखेत हात घालून, पाय सांभाळत, डब्यात चढवलं.