इनासकाकांचा अंधार

इनासकाकांचं चित्र बघायला जायचं असेल तर हातातली सगळी कामं उरकून जावं. लवकर सुटका नाही.

आमच्या एव्हरशाईन सिटीत ते माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून एकच विषय धरून बसलेत: आगाशीकडच्या त्यांच्या गावातलं जुनं चर्च, आतून. तेही पहाटेच्या मिस्साच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, आधीचं, उंच खिडकीतून उजेड जेमतेम डोकावतोय तेव्हाचं. म्हणजे कॅनव्हासवर काय? काळोख! माझ्या नवऱ्याने पहिलं चित्र बघून सरळ विचारलं, "काका, रंगवायला कधी घेणार?"

काका मुळीच चिडले नाहीत. पडदे ओढले, त्याला खुर्चीत बसवलं. "बस बाबा. डोळे सरावू दे."

आणि खरं सांगते, थोड्या वेळाने त्या काळोखातून एकेक बाक वर यायला लागतं. मग खांब. मग वेदीची सोनेरी कड. अंगावर काटा येतो! नवरा तोवर घोरत होता, ते सोडा. काकांनी गॅसवाल्यालाही सोडलं नाही. तो बिचारा "अंकल, नीचे गाडी खडी है" म्हणत खांब शोधत बसला होता.

परवा गावचे फादर आले. सणाला चित्र चर्चच्या हॉलमध्ये लावायचं होतं. काकांची जन्माची इच्छा! फादर बराच वेळ बसले आणि म्हणाले, "सुरेख आहे, काका. फक्त जरा उजळ करा. लोक येता-जाता बघणार, चटकन दिसायला हवं."

"नाही जमणार, फादर," काका म्हणाले.

फादर गेले आणि मी तडकलेच. "अहो, दोन फटकारे पिवळ्या रंगाचे! एवढा कसला हट्ट?"

काका ब्रश पुसत राहिले. "आधी उजळच काढायचो गं मी. लोक दारातूनच 'छान, छान' म्हणायचे आणि निघायचे. तुझी रोझीकाकू गेली, मग घरात कुणाचा आवाजच नाही. एकदा एक चित्र फारच काळं झालं. खालचे शेजारी त्यात काय आहे ते बघायला बसले. चहा झाला, गप्पा झाल्या, त्यांना उठवेना." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तिथे हॉलमध्ये सगळ्यांना लख्ख दिसलं, तर माझ्याकडे कोण कशाला येईल, पोरी?"

दारापर्यंत गेले होते, ती परत फिरले, खुर्ची ओढली आणि घरी फोन लावला.

"कुकर तू लाव," मी नवऱ्याला म्हटलं. "मला वेळ लागेल."