रडण्याचा दाखला

लोहाऱ्याच्या श्रावस्तीनं विभागीय खो-खो सामन्यात शेवटच्या मिनिटाला सूर मारला, हात बोटभर कमी पडला आणि संघ एका गुणानं हरला. घरी येऊन पोरगी जेवली, झोपली आणि सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर पुन्हा सूर मारायला लागली. गुडघे सोलले, पण हात पोचायला लागला. इथंच सगळं बिघडलं.

कारण वरून परिपत्रक आलं होतं: हरलेल्या खेळाडूनं पराभव पचवल्याचा दाखला जोडल्याशिवाय निवड चाचणीत उतरू नये. राज्य संघाची चाचणी मंगळवारी. सोमवारी सकाळीच श्रावस्ती दाखल्यासाठी समुपदेशक रणधीर साहेबांपुढं बसली.

"किती रडलीस?"

"न्हाय रडले, सर."

"जेवण?"

"अडीच भाकरी. पिठलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला आणि अर्जावर शेरा मारला: 'खेळाडूस दुःखाची जाणीव नाही.' नियम तीननुसार सावरण्याआधी खचणं बंधनकारक होतं, आणि खचल्याची खात्री होईपर्यंत सराव बंद.

"पण सर, सरावानंच बरं वाटतंय मला."

"तेच तर लक्षण आहे," साहेब म्हणाले.

तिचे प्रशिक्षक वीरभद्र सर काकुळतीला आले. "रड की जरा, पोरी. मैताला रडतीस तसं. उद्या चाचणी हाय." तिनं वारलेल्या आजोबांना आठवून बघितलं. दुपारी रुमालात कांदा घेऊन साहेबांकडं गेली. डोळ्यांना धारा लागल्या, पण हुंदका नसल्यामुळं ते रडणं अपात्र ठरलं.

मंगळवारी ती पुन्हा साहेबांच्या कार्यालयात बसली. खिडकीपलीकडंच चाचणीचं मैदान. शिट्टी वाजली, नावं पुकारली. तिचंही नाव तीनदा पुकारलं आणि पुढचं घेतलं. तेव्हा मात्र श्रावस्ती धाय मोकलून रडली. हरल्यावर वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं तिला.

साहेब खूश झाले. "बघ, झालीस की नाही मोकळी?" त्यांनी शिक्का मारला, रडतानाचा फोटो काढला आणि 'पराभवातून सावरलेली कन्या' असं लिहून ग्रुपवर टाकला. दाखला हातात पडला तोवर चाचणी आटोपून पोरी घराकडं निघाल्या होत्या.

फोटो जिल्हाभर फिरला. तुमच्याकडंही आला असेल. तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून चौघांना पुढं पाठवलाही असेल. पोरगी संघात आली का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही, तुम्हीसुद्धा.