चुकीच्या खात्यात बरोबर पोहोचलेले पैसे

इजिप्तमधल्या दमनहूर गावातल्या आमच्या इमारतीत बारा बायकांची भिशी गेली अठरा वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून चालत होती, आणि या अठरा वर्षांत तिच्यातली एक दमडीही हरवली नाही. हे मागासलेपणाचं लक्षण आहे, असं आम्हाला या वर्षी कळलं. बँकेची माणसं गल्लीत टेबल टाकून बसली, रोख पैशाचे धोके समजावून सांगितले आणि प्रत्येकीला एकेक थर्मास दिला. थर्मास चांगला होता. आम्ही फोनवरून पैसे पाठवायला लागलो.

या महिन्याची पाळी चौथ्या मजल्यावरच्या उम्म वजदीची, म्हणजे वजदीच्या आईची होती. तीन आठवड्यांवर तिच्या लेकीचं, नस्माचं लग्न. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि त्यातली यंत्रं मुलीकडच्यांनी द्यायची असतात. सगळं झालं होतं, फ्रिज तेवढा राहिला होता. नवऱ्या मुलाची आई ताटल्यासुद्धा टिचकी मारून तपासणारी. भिशीचे छत्तीस हजार पौंड म्हणजे तो फ्रिज होता, आणि भिशीची प्रमुख म्हणून ते पाठवायचे मला होते.

माझ्या फोनमध्ये उम्म वजदीचे दोन नंबर निघाले. जुनी ओळख केव्हाही भरवशाची, म्हणून मी जुना निवडला. तो तिने दोन वर्षांपूर्वी सोडला होता आणि कंपनीने दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता, हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर नावाचं पहिलं अक्षर, पुढे चांदण्या आणि प्रश्न आला : हीच व्यक्ती, याची खात्री आहे का?

खात्री कशी असणार? आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तिचं कागदावरचं नाव विचारणं म्हणजे तिचं कपाट उघडून बघण्यासारखं. अठरा वर्षं आम्ही एकमेकींची बाळंतपणं केली, पण ते नाव मला माहीत नव्हतं. म्हटलं, काहीतरी नाव असेलच की बाईला. हे असेल. ‘होय’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी उम्म वजदी दारात. “उम्म फतही, पैसे पाठवलेस की मनातल्या मनात पाठवलेस?”

बँकेत शिहाब नावाचा अधिकारी होता. माझ्या फतहीच्या वयाचा, टाय लावलेला, अतिशय नम्र.

“हज्जा, काळजी नको. पैसे सुखरूप आहेत.” (मी अजून हजला गेलेले नाही. बँकेने परस्पर पाठवून आणलं.)

“कुठे आहेत?”

“योग्य जागी.”

“म्हणजे उम्म वजदीकडे?”

“म्हणजे बँकेकडे.”

मग त्याने शांतपणे सांगितलं. ज्यांच्या खात्यात मी पैसे टाकले त्यांच्याकडे बँकेची एक लाख दहा हजार थकबाकी. अशा खात्यात काही पडलं की त्याच मिनिटाला वळतं होतं. “चार वर्षं आम्ही त्यांच्या मागे होतो. तुम्ही एका दिवसात वसुली करून दिलीत. बँक आभारी आहे.”

“अरे बाळा, चुकून गेलेत ते!”

“चूक तुमची झाली, हज्जा. वसुली नियमाप्रमाणेच झाली आहे.”

“माणूस कोण आहे तो?”

“ते गोपनीय आहे.”

शेजारच्या खुर्चीवरचा एक वृद्ध माणूस उठून उभा राहिला. “मीच तो, ताई.”

उस्ताद झकरिया. भूगोलाचे निवृत्त मास्तर. ‘भरणा केल्याबद्दल धन्यवाद’ असा बँकेचा निरोप वाचून घाबरून धावत आले होते. “चार वर्षांत मी एक पौंड भरलेला नाही. वाटलं, माझ्या नावाने कुणीतरी भलताच प्रामाणिकपणा करतंय.” बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी चाळीस हजार काढले होते, त्याचे व्याजासकट एवढे झाले. “ऑपरेशन मात्र उत्तम झालं. बँकेचं पत्र आलं की आता आधी तीच वाचते.”

“कृपया,” शिहाब म्हणाला, “ग्राहकाची ओळख मी उघड करू शकत नाही.”

“अरे, मीच करतोय ना!”

“त्यासाठी अर्ज लागेल.”

अर्ज केला. पैसे परत करायला हरकत नाही, अशी सही उस्ताद झकरियांनी तीन ठिकाणी केली. पाच दिवसांनी अर्ज परत आला. पैसे आता त्यांचे नसून बँकेचे असल्याने त्यांची संमती गैरलागू. बँकेची संमती हवी, तर त्या रकान्यात संमती देणाऱ्याचा खातेक्रमांक लागतो, आणि बँकेचं या बँकेत खातं नाही.

शिवाय पैसे मुळात कुणाला द्यायचे होते, याचा पुरावा हवा. “पूर्ण नाव सांगा.”

मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. “नाव?” अबू वजदी खवळला. “अठरा वर्षं कुठे अडलं नाही तुमचं, आज कशाला हवंय?”

शेवटी ती स्वतः आली. चिठ्ठीवर नाव लिहून, घडी घालून तिने ती काचेखालून सरकवली. ग्राहकसेवेचं प्रशिक्षण घेतलेल्या शिहाबने ती उघडून अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशी वाचली : “नर्जिस!”

रांगेतले चार पुरुष वळून बघायला लागले. उम्म वजदी कानापर्यंत लाल. आणि मी वेडी, पैसे विसरून तिच्याकडे बघत राहिले. इतकं सुंदर नाव, आणि बाईने ते अठरा वर्षं घडी घालून ठेवलं होतं. “बघतेस काय?” ती कुजबुजली. “फ्रिजचं विचार.”

पुराव्यावरून पैसे तिचेच होते आणि तिला मिळाले नाहीत, हे सिद्ध झालं. बँकेने तसं लेखी कळवलं आणि सहानुभूती व्यक्त केली.

मग शिहाबनेच उपाय काढला. पोरगा मनाने वाईट नव्हता. चार वर्षांनी भरणा दिसल्यामुळे संगणकाने उस्ताद झकरियांना ‘सुधारणारे ग्राहक’ या वर्गात घातलं होतं. त्यांना छत्तीस हजारांचं कर्ज मंजूर होऊ शकत होतं. ते त्यांनी घ्यावं, आम्हाला द्यावं. त्यांच्या डोक्यावरचा बोजा पूर्वीइतकाच राहील, आमचे पैसे आम्हाला मिळतील.

“यात बँकेला काय मिळणार?” मी विचारलं.

“समाधान,” शिहाब म्हणाला. “आणि सोळाशे पौंड शुल्क.”

जामीनदार लागत होता. माझेच पैसे मला परत मिळावेत म्हणून मी जामीन राहिले. रविवारी (आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची) अकरा वाजून दहा मिनिटांनी कर्ज उस्ताद झकरियांच्या खात्यात जमा झालं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी ते थकबाकीत वळतं झालं. आम्हा दोघांनाही धन्यवादाचे निरोप आले.

“हे तुला आधी कळलं नाही?” मी ओरडले.

“कर्ज विभाग वेगळा, हज्जा, आणि वसुली विभाग वेगळा. त्यांचं बोलणं नाही.”

इकडे सामान मिरवायचा दिवस उजाडला. नस्माचा संसार ट्रकवर चढवून ढोल वाजवत गल्लीतून न्यायचा होता, आणि दोन्हीकडची मंडळी गच्चीतून मोजणार होती. उम्म वजदीने दुकानदाराकडून फ्रिजचं रिकामं खोकं आणलं, चार भाऊबंदांना ते उचलायला लावलं आणि बजावलं, “जरा कण्हा रे मेल्यांनो, फ्रिज आहे तो!” ते इतके मनापासून कण्हले की एकाला खरंच उसण भरली. सासरकडून आलेलं वातानुकूलन यंत्राचं खोकं तर नस्माने लग्नानंतर चौथ्या दिवशी एका हाताने बाजूला सारलं. दोन्ही घरांचा मान राहिला.

आता नस्मा रोज संध्याकाळी दुधाची बाटली आईच्या फ्रिजमध्ये ठेवायला येते. गल्लीला वाटतं, पोरीला माहेरची ओढ फार. पण पंधरा तारखेला सासूबाई महिनाभर राहायला येणार आहेत, आणि त्यांना जेवताना बर्फाचं पाणी लागतं.

म्हणून शिहाबने शेवटचा हिशोब मांडला. उस्ताद झकरियांची जुनी थकबाकी अडतीस हजारांवर आली आहे. आता चौऱ्याहत्तर हजारांचं कर्ज घेतलं, की त्यातले अडतीस गिळले जातील आणि वरचे छत्तीस आपोआप बाहेर पडतील. आधीचं छत्तीसचं आणि हे चौऱ्याहत्तरचं, दोन्ही कर्जं मिळून एक लाख दहा हजार, म्हणजे उस्तादांचा बोजा जिथे होता तिथेच. मी तीनदा करून बघितलं. हिशोबात चूक नाही, हेच भीतिदायक आहे.

अडचण फक्त जामीनदाराची. मी आधीच अडकलेली. उम्म वजदी लाभार्थी. नियम म्हणतो, माणूस त्रयस्थ हवा. त्याला प्रकरणाची सविस्तर माहिती असावी, पण त्यात तो कुठल्याही प्रकारे गुंतलेला नसावा. असा माणूस इमारतीत मिळेना. सगळं ऐकलं, की कुणी रडतं, कुणी पाचशे पौंड काढून हातावर ठेवतं, कुणी शिहाबला मारायला निघतं. सगळे बाद.

सगळी हकीकत शेवटपर्यंत ऐकावी, मधूनमधून हसावं आणि जागचं हलू नये, असं माणूस हवं होतं. मला फार शोधावं लागलं नाही. अर्ज सोबत जोडला आहे. सही खाली उजव्या कोपऱ्यात करा.