धोंडिबा अस्वलाचा लख्ख सायलेन्सर

एका जंगलात, बाळांनो, फटफट्या आल्या होत्या. रस्ते अजून यायचे होते.

तिथे धोंडिबा अस्वल राहायचा. डोंगरापलीकडच्या आजाऱ्यांना तो फटफटीवरून औषधं पोचवायचा. घाट चढून चढून त्याच्या सायलेन्सरचा स्टीलचा पाइप तापायचा. त्यावर निळे-सोनेरी डाग पडले होते.

एकदा वाघोबा महाराजांनी दवंडी पिटवली. सरकारी औषधगाडीवर चालक नेमायचाय, उमेदवारांनी आपापली फटफटी तपासणीला आणावी. धोंडिबाला ही नोकरी हवीच होती. त्याची फटफटी थकली होती, कधी घाटात बसकण मारेल याचा नेम नव्हता. आणि पलीकडे दम्याने बेजार झालेली एक म्हातारी हरिणी रोज त्याची वाट बघायची. आपली गाडी बसली तर तिचं कसं व्हायचं, याचा त्याला घोर लागला होता.

आता असे डाग घेऊन साहेबापुढे जायचं कसं? धोंडिबाने घाईघाईने संडास धुवायचं अ‍ॅसिड उचललं. त्याच्या बायकोने, येसूबाईने, ती बाटली हिसकावून घेतली.

"तापल्या पाइपावर हे ओतलंत तर धूर छातीत जाईल आणि स्टीलला खड्डे पडतील," ती म्हणाली. "आधी गाडी गार होऊ द्या. जरा माणसासारखं वागा."

गाडी गार झाली. येसूबाईने तारेची घासणी माळ्यावर फेकली, कारण तिने ओरखडे पडतात. धोंडिबाने साबणाच्या पाण्याने पाइप धुतला, कोरडा केला. मग अंगणात, मोकळ्या हवेत, मऊ फडक्यावर धातूचं पॉलिश घेऊन घासत बसला. हातमोजेही घातले. अस्वलाच्या मापाचे हातमोजे शोधण्यातच सकाळ गेली होती, ते सोडा. हळूहळू डाग गेले. उरलंसुरलं पॉलिशही त्याने पुसून काढलं, नाहीतर तापल्यावर तेच करपतं. पाइपात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. ते त्याला फार आवडलं.

शेजारी रंगराव कोल्हा राहायचा. हा पठ्ठ्या फटफटी दारात स्टँडवर लावून दिवसभर नुसती रेस करायचा. जायचा कुठेच नाही, कारण त्याला तोल सांभाळता येत नसे. त्याचाही पाइप तापून निळाजांभळा झाला होता. पुसायचा त्याला कंटाळा.

तपासणीला गवेसाहेब आले, चांगला धिप्पाड रानगवा. ते जन्मात फटफटीवर बसले नव्हते. कुठली फटफटी त्यांना पेलणार? त्यांनी वाकून धोंडिबाचा पाइप बघितला.

"ही गाडी चाललेलीच नाही. अनुभव शून्य."

धोंडिबाने घाटाचं सांगितलं, हरिणीचं सांगितलं. साहेबांनी पुरावा मागितला.

"कालच पुसला, साहेब," धोंडिबा म्हणाला.

रंगरावाने ढकलत आणलेल्या फटफटीचा पाइप बघून मात्र साहेबांचे डोळे पाणावले. किती राबलाय बिचारा, म्हणाले, आणि नेमणूक करून टाकली.

औषधगाडी आता राजवाड्यासमोर स्टँडवर उभी असते आणि दिवसभर घरघरते. कारभार जोरात चाललाय असं महाराजांना वाटतं. धोंडिबा तीच थकलेली फटफटी ढकलत घाट चढतो. हरिणीला औषध मिळतं, पण उशिरा, आणि तोवर ती धापा टाकत बसलेली असते. पाइप पुन्हा निळा पडलाय. येसूबाई फडकं घेऊन आली की धोंडिबा म्हणतो, "राहू दे गं ते."

तात्पर्य : सायलेन्सरचे डाग काढण्याआधी गाडी गार होऊ द्यावी. आणि साहेब बघून जाईपर्यंत तिला हातही लावू नये.