पदर घेतलेलं मशीन

भाकरीवर हात ठिवून, पार वेशीपतुर ऐकू जाईल असं वरडून सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय. खोटं वाटलं तर आमच्या कऱ्हाटी गावात या, कुणालाबी इचारा. माझं नाव मातुर सांगू नका.

तर आमच्या गावच्या बागायतदारानं, ऋषिराजनं, परदेशातनं ऊसतोडीचं मशीन आणलं. सगळ्या टोळीचं काम एकटं करतंय म्हणं. झालं! टोळीची मुकादम कुशाबाई तडक मानसिंगरावांच्या दारात. मानसिंगराव म्हंजे समितीचं अध्यक्ष. समिती कसलीबी असू द्या, अध्यक्ष त्येच.

"आबा, आमी काय मशीनकडं बघत बसायचं व्हय?"

"कुशे, धोरण हाय," मानसिंगराव गंभीर झालं. "व्यापार खुला पायजे, कामगाराला संरक्षण पायजे, आन देशाची सुरक्षा तर पयली. तिन्ही एकदम सांभाळू."

पयली सुरक्षा. मशीनच्या कपाळावर क्यामेरा हुता, ड्रायव्हरबिगर त्येच्यातनंच ते वाट बघायचं. आपला ऊस किती उंच वाढतोय ते शत्रूला कळलं म्हंजे? ठराव झाला: परदेशी मशीननं गावात पदर घिऊनच वावरावं. कुशाबाईचंच जुनं लुगडं त्येच्या डोक्यावरनं वढलं. आंधळं मशीन सुटलं ते थेट गेणूतात्यांच्या कडब्याच्या गंजीत.

"आरं, कुठं चाललंय ते?" तात्या वरडलं.

"निर्यातीला!" कुशाबाई म्हणाली.

मग संरक्षण. बायांनी कोयत्यानं ऊस तोडायचा, शेजारच्या मोकळ्या रानात वळीनं परत उभा रोवायचा, आन मग मशीननं तो तोडायचा. मशीनबी चाललं, बायांचं कामबी वाचलं. वाचलं कसलं, दुप्पट झालं! मजुरी मातुर एकाच तोडीची, कारण दुसरी तोड मशीनची. वर आंधळ्याला वाट दावायला कुशाबाईनं म्होरं चालायचं. अनवाणी. मागं वीतभरावर पाती.

"आबा, बूट तरी द्या. एखांद्या दिशी पाय जाईल माझा."

"परदेशी बूट आणलं तर आपल्या बूटवाल्यांच्या पोटावर पाय येतोय, कुशे."

"मग आपलं आणा की."

"आपलं समदं परदेशात जात्यात. खुला व्यापार न्हवं का!"

कुशाबाईनं कोयता टाकला आन मशीनम्होरंच फतकल मारली. "मग तुमीच चाला म्होरं, आबा. तुमच्या पायात हायेत की!"

मानसिंगरावांनी पाय धोतरात वढून घेतलं. तातडीनं बैठक, तातडीनं ठराव, टाळ्या. सांजच्याला टेंपो भरून बूट आलं. कुशाबाईनं घातलं, दोन पावलं चालली आन नव्या नवरीवाणी लाजली.

बरं, आता एक कबूल करते. येवढ्यातली एकच गोष्ट म्या रचली. लुगडं न्हवं. ऊस रोवणं न्हवं. बूट. बूट आलंच न्हायीत. बुटांचा ठराव तेवढा झाला. कुशाबाई अजून म्होरं चालतीया, काम सोडून जाती कुठं?

पर बूट आलं म्हणल्यावर तुमाला कसं बरं वाटलं! समितीबी आक्षी तशीच निवांत घरला गेली.